शालनबाईंचा उत्तररंग

बदलापुरातल्या मांजर्लीतला उपासनेचा हॉल फोडला त्या रविवारी शालनबाई रणपिसे तापानं घरी पडून होत्या. हॉल फुटल्याचं दुःख त्यांना होतंच, पण त्या वेळी आपण तिथं नव्हतो याची चुटपुट त्याहून मोठी होती. "मी असते तर एकेकाचा कान धरला असता," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. हॉल म्हणजे तरी काय, भातगिरणीच्या मागची पत्र्याची लांबट खोली. पण नदीकडच्या चाळींतली, कात्रपच्या नव्या बिल्डिंगांतली, वांगणीकडून चालत येणारी सगळी ख्रिस्ती माणसं तिथं एकाच सतरंजीवर बसत. मोटारसायकलींवरून पोरं आली, धर्म बाटवता म्हणून ओरडली, बाजाची पेटी आपटली, दारावरच्या बोर्डाला डांबर फासलं आणि अंबरनाथहून येणाऱ्या पाळकसाहेबांचा हात मोडून गेली. पोलीस दुपारी उगवले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "इथं एवढी माणसं कशाला जमवता?"

साल अठ्ठ्याण्णव, महिना डिसेंबर. गुजरातच्या बाजूनं अशाच बातम्या पेपरात येत होत्या आणि लोक चहाबरोबर त्या वाचून पान उलटत होते.

शालनबाईंचे यजमान सुदामराव मंडळीतले वडील, म्हणजे कारभारातले जाणते माणूस. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. स्वभावानं इतके मऊ, की भाजीवाल्यानं किडकं वांगं दिलं तरी घरी आणून गुपचूप कापून टाकतील. त्या रविवारी त्यांनाही एक सणसणीत कानाखाली बसली होती. गालावरचा वळ गेला, पण माणूस आतून आक्रसला. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर भिंतीवरचा क्रूस आणि बायबलच्या वचनांचं कॅलेंडर काढून कपाटात कपड्यांखाली ठेवलं. मग मंडळीत निरोप फिरवला, की यंदा नाताळ घरातल्या घरात करायचा, गाणी नाहीत, तारे नाहीत.

"आणि कीर्तन?" शालनबाईंनी विचारलं.

"तेही नाही."

"अहो, काय बोलताय? माझ्या आप्पांनी दुष्काळात कीर्तन चुकवलं नाही."

बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही, पण नगरकडचे ख्रिस्ती लोक कीर्तन करतात. टाळ, मृदंग, चिपळ्या, आधी नमन, मग पूर्वरंगाचं निरूपण, मध्ये कीर्तनकाराला हार, मग उत्तररंगाची गोष्ट, शेवटी आरती, सगळं यथासांग. कथा तेवढी ख्रिस्ताची. शालनबाईंचे आप्पा असेच गावोगाव उभे राहत. मुलगा नव्हता, म्हणून चिपळ्या मुलीच्या हातात दिल्या, आणि बाईमाणूस उभं राहणार म्हणून कुरकुर करणाऱ्यांना त्यांनी दोन वर्षं कीर्तनच दिलं नाही. लग्न होऊन शालनबाई बदलापुरात आल्या, सुदामराव मृदंगावर बसले, आणि तेव्हापासून नाताळच्या आदल्या दिवशी रणपिस्यांच्या घरी कीर्तन ठरलेलं. शेजारची कुंदासुद्धा येई. कुंदा शशिकांत राजे, नवरा मोठ्या कंपनीत ऑफिसर, देवघरात गणपती, पण वर्षातून एकदा शालनबाईंचा आवाज ऐकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मधला हार तीच करून आणायची.

नवराबायकोत आठवडाभर धुसफूस चालली. शालनबाई भांडी आपटत, सुदामराव पेपरामागे लपत. शेवटी त्यांनी एक तोड काढली.

"कर कीर्तन. पण दुपारी. दार लोटून. आणि नाव घ्यायचं नाही."

"कुणाचं नाव?"

"तुला कळतंय कुणाचं. देव म्हण, प्रभू म्हण. बाहेर ऐकणाऱ्याला काय समजतंय?"

"म्हणजे ज्याचा वाढदिवस त्याचंच नाव घ्यायचं नाही? बारशाला बोलवायचं आणि पोराचं नाव विचारलं की खोकायचं?"

"शालन, खोलीत म्हातारी माणसं असतात, लेकुरवाळ्या बाया असतात. तुला काय, तू एकटी भिडशील. त्यांचं काय?"

शालनबाई हो म्हणाल्या, पण तोंड कडू करून.

चोवीस तारखेला दुपारी खोली भरली. मागं दाराशी पुतळी बसली होती. पुतळी बारवीकडच्या पाड्यावरची कातकरीण. नवरा गेल्यावर दोन पोरी आणि सासू घेऊन ती नदीच्या काठाला झोपडी बांधून राहिली. वीटभट्टीवर जाई, आणि गेल्या वर्षापासून उपासनेला येई. पोरींनी रंगीत कागदाचा तारा करून झोपडीवर टांगला होता. सुदामरावांचा निरोप तिच्यापर्यंतही गेला होता, पण तिनं तारा काही उतरवला नाही. "पोरी रडतान, मंग मी काय करू?" एवढंच तिचं म्हणणं. आज पोरींना सासूजवळ ठेवून ती आली होती.

शालनबाईंनी पदर खोचला, चिपळ्या घेतल्या आणि नमन म्हणून पूर्वरंगाला अभंग धरला. अभंग आप्पांचाच.

दार ठेवा उघडे, येईल पाहुणा ।
नाही त्या ठिकाणा, तुम्हांविण ॥

विषय पाहुण्याचा. दारात आलेल्याला परतवू नये, कोणत्या वेषात कोण येईल सांगता येत नाही, हे त्या दाखले देऊन सांगत होत्या. जिभेवर आलेलं नाव त्या गिळत होत्या, आणि प्रत्येक वेळी सुदामराव मृदंगावरून हळूच मान हलवत होते, शाब्बास म्हणून. त्या शाबासकीनं शालनबाईंच्या अंगाचा तिळपापड होत होता.

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकली थांबल्या.

कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं शेवटची चाळ दाखवली होती. पोरं तिथवर आली, आणि आतून टाळमृदंग ऐकून थबकली. पुढं होता तो गुरुदत्त. स्टेशनच्या पूर्वेकडं त्याचा केबलचा धंदा, तिशीचा, देखणा, कपाळावर लांब टिळा, गळ्यात भगवं उपरणं. तो क्षणभर दाराशी ऐकत राहिला. मग त्यानं हातातली हॉकी स्टिक भिंतीला टेकून ठेवली, बूट काढले, लोटलेलं दार ढकलून आत आला आणि हात जोडून उभा राहिला. त्याच्या मागं बाकीची पोरंही चपला काढू लागली.

शालनबाईंनी एका नजरेत सगळं ओळखलं. मृदंगाचा एक ठोका चुकला. पण उभं राहिलेलं कीर्तन मध्येच थांबत नाही, ही आप्पांची शिकवण अंगात मुरलेली होती. त्यांनी दाखला पुरा केला, अभंगाचं शेवटचं चरण घेतलं आणि पूर्वरंग संपवला. कुंदा उठली आणि तिनं झेंडूचा हार त्यांच्या गळ्यात घातला. कुंदाच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू गुरुदत्तनं पाहिलं, आणि त्याचा उरलासुरला संशयही गेला.

तो पुढं आला, वाकला आणि त्यानं शालनबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

कीर्तनकाराच्या पाया पडायची रीतच आहे, आणि पाया पडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायची शालनबाईंच्या हाताला सवय. हात आपोआप गेला. "कल्याण होवो, बाळा," असं तोंडातून निघूनही गेलं.

"माऊली, काय आवाज आहे तुमचा!" गुरुदत्त उठत म्हणाला. त्याचे डोळे खरंच ओले होते. "माझे आजोबा भजनी होते. लहानपणी त्यांच्या मांडीवर झोपायचो मी. असं घरोघर चाललं पाहिजे बघा. आमचीच चूक झाली, चुकीच्या घरी घुसलो. ते ख्रिश्चन लोक इथंच कुठंतरी जमतात अशी खबर होती." मग त्याची नजर मृदंगावर गेली. "काका, तुम्हाला कुठंतरी बघितलंय."

सुदामराव मृदंगावरच्या शाईच्या काळ्या गोलाकडं बघत म्हणाले, "स्टेशनावर बघितलं असेल. मी अंबरनाथला कामाला जातो."

"असेल, असेल."

मागून एक पोरगा म्हणाला, "भाई, टाइम खोटी मत कर. वो नदी के बाजू में झोपडी आहे ना, कातकरणीची, चांदणी लटकवलेली. तिथंच असणार साले."

"चल, तिच्यापासूनच सुरुवात करू," गुरुदत्त म्हणाला. "आज एक बांबू उभा ठेवायचा नाही."

पुतळी अर्धवट उठली. तिनं शालनबाईंकडं पाहिलं. त्या बघण्यात मागणं नव्हतं, आणि तेच शालनबाईंना सोसेना.

गप्प राहिलं की झालं. पोरं निघून जातील, खोलीतली सगळी माणसं धडधाकट घरी जातील, कुणी कुणाला नाव ठेवणार नाही. शालनबाईंना प्रभूचा शिष्य पेत्र आठवला. प्रभूला पकडून नेल्यावर अंगणात शेकोटीशी बसलेला, 'मी त्या माणसाला ओळखत नाही' म्हणणारा पेत्र. कितीतरी कीर्तनांत त्यांनी त्याची नक्कल केली होती, लोकांना पोट धरून हसवलं होतं. आता पेत्र त्यांच्याच घरात मांडीवर मृदंग घेऊन बसला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांची स्वतःची जीभही टाळ्याला चिकटली होती. एकेकाचा कान धरायच्या सगळ्या गप्पा कुठल्या कुठं गेल्या होत्या. त्यांना भीती वाटत होती. त्या भीतीचीच त्यांना चीड आली.

"ए, बस खाली," त्या म्हणाल्या.

गुरुदत्त दारातून वळला. "काय, माऊली?"

"पूर्वरंग ऐकलास, हार झाला, आता उत्तररंग आहे. आजोबा भजनी होते म्हणतोस ना? मग आरती झाल्याशिवाय कीर्तनातून उठू नये, हे शिकवलं नाही त्यांनी?"

गुरुदत्त ओशाळला. खरंच ओशाळला, शाळेत पकडलेल्या पोरासारखा. त्यानं सोबतच्या पोरांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि मांडी घालून सतरंजीच्या कडेला बसला. तो बसला तशी बाकीचीही बसली. सुदामराव डोळ्यांनी विनवत होते. शालनबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही.

"तर ऐका," त्यांनी सुरू केलं. "एक बाई होती, पोटुशी, दिवस भरलेले. नवरा सुतार, हातावर पोट. वरून राजाचा हुकूम, शिरगणती आहे, ज्यानं त्यानं आपल्या मूळ गावी जावं. निघाले बिचारे. तंगडतोड करत गावात आले, बाईला कळा सुरू झालेल्या. पहिलं दार वाजवलं, जागा नाही. दुसरं वाजवलं, जागा नाही. सरायवाला म्हणाला, तुमच्यासारखे छप्पन येतात. शेवटी कुणीतरी गोठा दाखवला. गुरांच्या वासात, गवताच्या काडीत बाई बाळंत झाली, आणि बाळाला ठेवलं कुठं? गव्हाणीत, जिथं गुरं वैरण खातात."

गुरुदत्तच्या कपाळावर आठी पडली. कथा ओळखीची आहे, पण कुठली, हे त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

"ज्यानं आभाळ केलं त्याला टेकायला जागा नाही, असा हा पाहुणा," शालनबाईंचा आवाज चढला. आठवडाभर गिळलेलं सगळं आता वर येत होतं. "बाईचं नाव मरिया. सुताराचं नाव योसेफ. आणि त्या पाहुण्याचं नाव येशू! बाळा, तू चुकीच्या घरी आला नाहीस. अगदी बरोबर घरी आला आहेस. ज्यांना शोधतोयस ते ख्रिस्ती आम्हीच. नदीवर एक म्हातारी आहे आणि दोन पोरी आहेत, तिकडं जाऊन काय मर्दुमकी करणार? जे करायचं ते इथं कर. माझ्यासमोर कर."

मागच्या एका पोराला हसू फुटलं. "भाई, तू तर पाया पडलास की रे!"

ते हसू नसतं तर काय झालं असतं, कुणी सांगावं. गुरुदत्तचा चेहरा काळाठिक्कर पडला. "फसवलंत तुम्ही," तो ओरडला. "टाळ वाजवून फसवता लोकांना!"

"आम्ही फसवलं? तूच न विचारता पाया पडलास. टाळ काय तुझ्या एकट्याच्या आजोबांचे होते? माझ्या बापाचेही होते."

त्यानं मृदंगाला लाथ घातली. मग सगळंच सुरू झालं. खुर्ची फुटली, पडदा फाटला, कपाटातले कपडे बाहेर आले आणि त्यांच्याखालचा क्रूसही आला. तो पायाखाली गेला. कुणीतरी शालनबाईंच्या हातातल्या चिपळ्या हिसकावल्या, त्यात त्यांच्या ओठाला लागलं आणि रक्त आलं. त्यांनी टाळ्या वाजवून अभंग धरला. पहिलं चरण त्यांनी एकटीनं म्हटलं. दुसऱ्याला मागून पुतळीचा आवाज आला, फाटका, बेसूर, पण खणखणीत. मग एकेक करून खोली गाऊ लागली, रडत, भिंतीला चिकटून, लेकरं पोटाशी धरून. पोरं मारत होती आणि माणसं गात होती, आणि गाणाऱ्या माणसाला मारताना हात अवघडतो, हे त्या दिवशी त्या पोरांना कळलं असावं.

सुदामराव मृदंगावर आडवे झाले होते. दाराबाहेरची हॉकी स्टिक कुणीतरी आणून पाठीत घातली तरी ते उठले नाहीत.

कुंदा मात्र बाहेर पळाली होती. घाबरून पळाली असं शालनबाईंना वाटलं, पण तिनं ओट्यावर उभं राहून सगळ्या चाळीला हाका मारल्या. "अहो बाहेर या! बायकांना मारतायत! घरात घुसून मारतायत!" दारं उघडली. माणसं यायला लागली. सगळी काही प्रेमानं आली नाहीत, अर्धी तमाशा बघायला आली, पण गल्ली भरली. भरल्या गल्लीत तोंड दाखवायची त्या पोरांची तयारी नव्हती. मोटारसायकलींना किका बसल्या. नदीच्या बाजूला एकही गाडी वळली नाही, हे पुतळीनं रस्त्यावर धावत जाऊन बघितलं.

त्यानंतर राहिलेली आरती झाली. ताट नव्हतं, दिवा नव्हता, पण कीर्तन अर्धं राहिलं नाही.

नाताळच्या सकाळी नवराबायको पोलीस चौकीत गेली. सुदामरावांना सरळ बसता येत नव्हतं. आत जाऊन बघतात तर गुरुदत्त आधीच खुर्चीत बसलेला, पुढ्यात चहा, बाजूला कुणी पुढारी. साहेब मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "बाई, आज तुमचा सण. कशाला कटकट? पोरगा सॉरी म्हणतोय. नुकसान भरून देतोय. मिटवून टाका. शिवाय तुम्ही ओळखणार कसं, एवढ्या गर्दीत कोण होतं ते?"

शालनबाई तोंड उघडणार, तेवढ्यात सुदामराव टेबलाचा आधार घेऊन उभे राहिले.

"मी ओळखतो," ते म्हणाले. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "काल ह्यानं मला विचारलं, कुठं बघितलंय. मी स्टेशनावर म्हणालो. खोटं बोललो. हॉलमध्ये बघितलं होतं. पाळकसाहेबांचा हात ह्यानंच पिरगाळला, मी दोन हातांवर होतो. मला कानाखाली मारली तीही ह्यानंच. दोन्ही दिवसांचं लिहा, साहेब. मी सही करतो, आणि कोर्टात बोलवाल तिथंही येतो."

शालनबाई नवऱ्याकडं बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत हा माणूस त्यांच्या आधी बोलला, असं कधी झालं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि चारचौघांत रडायचं नाही म्हणून त्यांनी फुटलेला ओठ चावला, तो आणखी दुखला.

साहेबांनी पेन उचललं नाही. पुढारी खाकरला. गुरुदत्तनं चहाचा कप बाजूला सारला, आणि मग तो शालनबाईंकडं वळून हळू आवाजात बोलला. त्या आवाजात धमकी नव्हती, लहान पोराची तक्रार होती.

"माऊली, तुम्ही डोक्यावर हात ठेवलात माझ्या. कल्याण होवो म्हणालात. मग आता केस कशी करता?"

"म्हणाले," शालनबाई म्हणाल्या. "तो आशीर्वाद मी परत घेणार नाही. कल्याणच होवो तुझं." मग त्यांनी समोरची खुर्ची ओढली, तिच्यावर नीट बसल्या आणि साहेबांकडं वळल्या. "आणि तक्रारही परत घेणार नाही. लिहा."

साहेबांनी पुढाऱ्याकडं पाहिलं. दोघं नवराबायको समोरून हलली नाहीत. शेवटी साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"नाव?"

"शालन सुदाम रणपिसे."

"धर्म?"

शालनबाईंनी तोंड उघडलं, पण उत्तर दोघांच्याही तोंडून एकदमच आलं, आणि एवढ्या मोठ्यानं, की बाहेरच्या बाकावरचा हवालदार आत डोकावून गेला.